जवसातली पायवाट

आमच्या गावची पायवाट राहणार की जाणार, हे माझा भाऊ शपथेवर काय बोलतो त्यावर ठरणार होतं. आणि तो काय बोलणार आहे, हे मला आधीच कळलं होतं. त्या जून महिन्यात माझी जपमाळ एकदाही धड पुरी झाली नाही. दहा मणी झाले की मन शेतात.

१९०४ सालच्या ईस्टरनंतरचा मंगळवार होता. मी रोजच्यासारखी नदीकाठच्या मरियामातेच्या चॅपेलला निघाले, तर कामिल स्त्रोबांतच्या शेताच्या तोंडाशी नवंकोरं फाटक. दोन्ही बाजूंना काटेरी तार. आत वाट होती तिथे नांगर फिरवलेला, ढेकळं अजून ओली. मी तिथेच उभी राहून एक नमो मरिया म्हटली आणि मोठ्या रस्त्याने, पुलावरून, पाऊण तास चालत चॅपेलला गेले. शेतातून ते बारा मिनिटांवर होतं. मी तेव्हा पासष्ट वर्षांची होते आणि डावा गुडघा वाकत नव्हता.

सगळ्या गावाचीच वाट होती ती. बाळंतिणी चाळिसाव्या दिवशी बाळ घेऊन त्याच वाटेने मातेच्या पायांशी जात. म्हणून लाकडी बूट करणाऱ्याची विधवा, आमची शेजारीण रोमानी, हिने पुढाकार घेतला आणि तालुक्याच्या न्यायाधीशाकडे अर्ज गेला. कायदा साधा होता. लोकांची वहिवाट सलग तीस वर्षं असेल, तर मालकाला वाट बंद करता येत नाही. तीस वर्षांना एक दिवसही कमी असेल, तर येते.

मग एका सकाळी रोमानी आमच्या स्वयंपाकघरात शिरली. बूट दाराशी काढायचंही भान नव्हतं तिला.

"मास्तर, तुमचं चित्र कामाला आलं एकदाचं! इतकी वर्षं भिंतीवरची ओल झाकण्यापलीकडे काय केलं होतं त्यानं?"

माझा भाऊ थिओफिल, आमचा फील, ब्रश पुसत होता. चित्रकार म्हणून सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. त्याने मान वर केली नाही. "कुठलं चित्र?"

"कुठलं म्हणून काय विचारता? गावकचेरीतलं. वाट आहे त्यात. वाटेवर ही आपली कोलेता आहे, काळ्या टोपीच्या झग्यात. आणि खाली कोपऱ्यात तुमच्या हाताने घातलेलं साल. अठराशे एकाहत्तर! मोजा बघू. तेहतीस वर्षं होतात." ती माझ्याकडे वळली. "कोलेता, तू का अशी पांढरीफटक पडलीस? कॉफी दे की."

मी चिकोरीची कॉफी ओतली. बशीतच जास्त पडली.

"मास्तरांनी रंगवलं म्हणजे ते होतंच," रोमानी म्हणाली. "न्यायाधीशालाही ठाऊक आहे ते. गावप्रमुखाचं घर चितारायला गेला होतात तेव्हाची गोष्ट अख्ख्या तालुक्याला माहीत आहे."

ती गोष्ट खरी होती. गावप्रमुखाने सांगितलं होतं, घरावर एक मजला जास्त काढा, पुढल्या वर्षी बांधणारच आहे. फील म्हणाला, मग पुढल्या वर्षी येतो. आणि पेटी उचलून चालू लागला. आयुष्यभर तो असाच. दिसेल ते रंगवायचं. ढग सरकला की ब्रश खाली ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच ढग येईल म्हणून ओढ्याकाठी बसून राहायचं. लोक हसायचे. मास्तरांचं एक झाड पुरं होईतो आमची गाय विते, म्हणायचे. पण फील गुमिनच्या चित्रात वाळुंजाची अकरा झाडं असतील तर बांधावर अकराच असतात, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून तर भीती.

ते चित्र १८७१ मध्ये त्याने त्या शेतासमोर बसून काढलं, तेव्हा मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून होते. जून महिना. शेतात जवस होता, फुलावर आलेला. जवसाची निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळून जातात, म्हणून आम्ही पहाटे निघायचो आणि चर्चच्या दुपारच्या घंटेच्या आत परतायचो. तीन आठवडे. चित्रात होतं काय, तर निळं शेत, मागे वाळुंज, चर्चचा मनोरा आणि आभाळ. वाट नव्हती. वाट असणारच कशी? फुललेल्या जवसात पाय टाकणाऱ्याला म्हाताऱ्या इव्हो स्त्रोबांतने, म्हणजे कामिलच्या बापाने, काठीनं बदडलं असतं.

गेंट शहरातल्या प्रदर्शनातून चित्र परत आलं. निर्जीव आहे, कोणी येत नाही, कोणी जात नाही, असं कोणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं होतं. फीलने ते भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

मग १८७४. शरद ऋतूत त्याला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं, त्यावरून मी काय ते समजले. मी मातेला नवस बोलले. हा उठू दे, माझे पाय चालतील तोवर रोज तुझ्या दारी येईन. नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणादिवशी फीलने डोळे उघडले आणि ताकाची पेज मागितली. दुसऱ्याच दिवशी मी निघाले. मोठ्या रस्त्याकडे वळत होते, तेवढ्यात बांधावरून म्हाताऱ्या इव्होने हाक मारली.

"कोलेता, एवढ्या लांबून कशाला गं? आडवी जा. पेरलेलं तेवढं तुडवू नकोस."

मी आडवी गेले. रोज गेले. हिवाळ्यात माझ्या पावलांची रेघ पडली, वसंतात रोमानी त्या रेघेवरून यायला लागली, मग तिच्या पाठोपाठ सगळ्याच. दोन वर्षांत ती वाट झाली. १८७६ मध्ये फीलने जुनं चित्र भिंतीकडून वळवलं, शेतावर हिरवा रंग चढवला, त्यातून पिवळट मातीची वाट काढली आणि वाटेवर मला उभं केलं. तेव्हा वाट होती, मी होते, तो खोटं काहीच रंगवत नव्हता. फक्त कोपऱ्यातलं साल बदललं नाही. चित्राला पदक मिळालं, कचेरीत लागलं, आणि सालाकडे कोणी बघितलं नाही.

१८७४ च्या नोव्हेंबरपासून १९०४ च्या एप्रिलपर्यंत मोजलं, तर तीस वर्षांना सात महिने कमी पडतात.

वाट नेमकी कधी पडली ते साल गावात कोणाला आठवत नव्हतं; हे जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

रोमानी गेल्यावर मी म्हटलं, "फील, तिला सांगायला हवं होतंस."

"काय सांगायचं?"

"तुला ठाऊक आहे काय ते."

"मला एवढंच ठाऊक आहे की पावसापाण्यात तू पुलावरून लंगडत जातेस. परवा घसरलीस. झगा फाटला तो कोपऱ्यात लपवून ठेवलायस, मला दिसत नाही असं वाटतं?" त्याने ब्रश तेलात बुडवला. "कोपऱ्यातलं साल माझ्या हातचं आहे. तेवढंच म्हणेन. ते खोटं आहे?"

"शपथ घ्यावी लागेल."

"शपथ तुझ्या देवाची. माझी त्याची ओळख तुझ्यामार्फतच."

तो असंच बोलायचा. तरुणपणापासून चर्चला फक्त मनोरा रंगवायला जायचा. मी कधी वाद घातला नाही, माझ्या जपात त्याचं नाव घेत राहिले. पण आता ज्याचा जीव मी मागून घेतला, तो माझ्याच पायांसाठी देवाची खोटी शपथ घेणार होता. फादरांना विचारावं असं तीनदा मनात आलं. गेले नाही. चॅपेलची वाट त्यांनाही हवी होती, आणि ते काय म्हणतील याची मला भीती वाटत होती.

त्याऐवजी मी कचेरीत गेले, चित्र बघायला. बरीच वर्षं मी त्याकडे पाहिलं नव्हतं. जिन्याखालच्या अंधारात टांगलेलं, धुराने काळवंडलेलं. खिडकीचं दार थोडं ढकललं आणि उजेड त्या पिवळट वाटेवर पडला. मी जवळ गेले. वाटेच्या रंगातून खालून काहीतरी वर येत होतं. बारीक बारीक ठिपके. निळे.

प्रदर्शनाची तारीख गाठायची म्हणून त्याने वाट घाईत, पातळ चढवली होती. पातळ रंग वर्षानुवर्षं विरत जातो, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलेलं. तेहतीस वर्षांपूर्वीचा जवस वाटेतून उगवत होता.

मी खिडकी लावून घेतली. लावली, हे मी कबूल करते.

न्यायाधीशाने सांगितलं होतं, चित्र शेतात आणा, जागेवर ताडून बघू. म्हणजे भर सकाळच्या उन्हात.

ठरलेल्या दिवसापर्यंत गाव आमच्याशी फार गोड वागलं. कोणी अंडी आणून दिली, कोणी मास्तरांसाठी तंबाखू. कामिल स्त्रोबांत मात्र पुलावर मला भेटला आणि टोपीला हात न लावता म्हणाला, "कोलेतामावशी, भावाला सांगा, हात थरथरतोय तर शपथेला वर करताना दुसऱ्या हाताने धरा."

"त्याचा हात वयाने थरथरतो, कामिल."

"बघूच की."

त्या सकाळी मी पेज वाढली. फीलने काळा कोट घातला होता, आमच्या आईच्या अंत्ययात्रेतला. 

"तू उठून काही बोलणार आहेस का?" त्याने विचारलं.

"नाही. मी तुझ्याविरुद्ध बोलणार नाही."

"मग झालं."

"पण त्या वाटेवर पाऊल टाकणार नाही, फील. फाटक उघडलं तरी मी पुलावरूनच जाईन."

त्याने चमचा टेबलावर आपटला. "मग मी हे कोणासाठी करतोय?"

मी भांडी उचलली.  रोमानीसाठी म्हणावं, तर तेही खोटं नव्हतं.

शेतात अर्धं गाव जमलं होतं. कामिलने तिथे यंदा बीट लावलं होतं, पण ओढ्यापलीकडे दुसऱ्याचा जवस होता, आणि दहाच्या सुमारास तो पूर्ण उमलून नदीपर्यंत निळा झाला होता. माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जात होतं. चित्र रोमानीच्या हातगाडीवरून आलं, चादरीत गुंडाळून, दोन माणसांनी धरून. तिने घरून खुर्ची आणली होती. तिच्यावर ते टेकवून ठेवलं. न्यायाधीश बारीक चणीचे होते आणि गवताच्या फुलोऱ्याने सारखे शिंकत होते.

"वाळुंज मोजा, साहेब," रोमानी म्हणाली. "चित्रात अकरा."

"बांधावर दहा आहेत."

"एक त्र्याण्णवच्या वादळात पडला. त्याचा बुंधा तो बघा."

न्यायाधीशांनी बुंधा पाहिला, मनोरा पाहिला, मनोऱ्याचं वाकडं टोक पाहिलं आणि मान डोलावली. "विलक्षण आहे. तंतोतंत."

"चित्रात काय, वाटेल ते काढता येतं," कामिल म्हणाला. "उद्या माझ्या शेतात हत्ती काढतील."

"काढला असता तर तुझ्यावरूनच काढावा लागला असता!" रोमानी ओरडली, आणि सगळे हसले. न्यायाधीश शिंकले आणि हात वर करून म्हणाले, "पुरे. मास्तर, पुढे या."

फील पुढे गेला. टोपी काढली. उजवा हात वर केला. तो थरथरत होता. त्याने दुसऱ्या हाताने धरला नाही.

"मी सत्य सांगेन, पूर्ण सत्य सांगेन, देव आणि सर्व संत माझ्या साहाय्याला असोत."

माझ्या झग्याखाली माझी बोटं मण्यांवर घट्ट झाली. प्रार्थनेचा एक शब्द आठवेना.

"कोपऱ्यातलं साल तुमच्या हातचं?"

"माझ्या हातचं."

"एकाहत्तर?"

"तसंच लिहिलंय."

गर्दीतून समाधानाचा आवाज आला. कामिल खाली बघून बुटाने ढेकूळ फोडत होता. न्यायाधीशांनी कागदावर काहीतरी टिपलं, आणि मला वाटलं, संपलं. मग त्यांनी पेन्सिल चित्राकडे केली.

"आणि ही वाट? तीही त्याच साली काढलीत?"

हा प्रश्न त्याने धरला नव्हता.  "मास्तर, जवळून बघून सांगा हवं तर," न्यायाधीश म्हणाले, अगदी सौम्यपणे. फील खुर्चीपाशी गेला आणि खाली वाकला.

पंचवीस वर्षांत त्याने ते चित्र उन्हात पाहिलं नव्हतं. वाकला तो तसाच राहिला. मग खिशातून रुमाल काढला, टोकाला थुंकी लावली आणि वाटेवरचा एक कोपरा हळूच पुसला, स्टुडिओत पुसायचा तसा. पुन्हा पुसला. मागे गर्दी चुळबुळली. रोमानी म्हणाली, "मास्तर, काय झालं?" त्याला ऐकू गेलं नाही. त्याने मान उचलून ओढ्यापलीकडच्या जवसाकडे पाहिलं, परत चित्राकडे, परत जवसाकडे. ती नजर मला चांगली ओळखीची होती. तिच्यापुढे शेजारी, न्यायाधीश, बहीण, कोणीच उरत नसे.

"निळा जमलाय," तो म्हणाला. कोणाशी बोलत होता कोण जाणे. "तेव्हा वाटलं होतं जमला नाही. कोलेता, बघ. जमला होता."

"मास्तर, प्रश्न साधा आहे."

"साधाच आहे, साहेब." तो सरळ झाला. "एकाहत्तरला इथे जवस होता. फुलात. हा बघा, खाली आहे, वर येतोय. वाट नव्हती. वाट मी पाच वर्षांनी वर चढवली. साल बदलायला हवं होतं, बदललं नाही."

कामिलचा ढेकळं फोडणारा बूट थांबला.

"मग वाट पडली केव्हा?" न्यायाधीशांनी विचारलं.

फीलने माझ्याकडे पाहिलं. मला कोणी शपथ दिली नव्हती, कोणी बोलावलं नव्हतं. मी पुढे झाले.  "चौऱ्याहत्तरला. संत मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. मी पाडली. कामिलच्या वडिलांनी मला आडवी जा म्हणून सांगितलं होतं."

न्यायाधीशांनी बोटांवर मोजलं. सगळ्यांनी मोजलं. रोमानीचं सगळ्यांच्या आधी झालं.

"सात महिने," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. "सात महिन्यांसाठी, मास्तर? एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला?"

तिने खुर्चीखालून चादर ओढून घेतली, हातगाडीवर टाकली आणि गेली. खुर्ची तिथेच राहिली. तिच्यामागे बाकीचे गेले. चित्र उचलायला कोणी आलं नाही. शेवटी मी एक बाजू धरली, फीलने दुसरी, आणि मोठ्या रस्त्याने आम्ही ते घरी आणलं. मध्ये चारदा खाली ठेवावं लागलं. कचेरीने ते परत मागितलं नाही.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. काय आला ते सांगायला नको.

त्यानंतरच्या रविवारी कामिल स्त्रोबांत आमच्या दाराशी आला. या वेळी टोपी हातात होती. त्याने टेबलावर एक किल्ली ठेवली.

"फाटकाची आहे. बापाने तुम्हाला परवानगी दिली होती, ती मी मोडणार नाही. तुम्ही जा, मावशी."

"आणि रोमानी?"

"त्या तोंडाळ बाईला नाही. कोणालाच नाही. तुम्हाला एकटीला."

 गुडघा ठणकत होता. बाहेर पाऊस होता. मग मी किल्ली त्याच्याकडे सरकवली. "त्या वाटेवर इतकी वर्षं एकटी कधी गेले नाही, कामिल. आता नाही जमायचं."

तो किल्ली उचलून गेला. फील खिडकीशी पाठमोरा उभा होता. थोड्या वेळाने त्याने खुंटीवरची माझी छत्री काढली.

"चल. पाऊण तास लागतो ना?"

"तू कुठे?"

"छत्री धरायला. एकाहत्तरला तू धरली होतीस."

तो आत कधी आला नाही. चॅपेलच्या पायरीवर बसून नदीकडे बघायचा आणि मी बाहेर आले की उठायचा. रोमानीने वर्षभर आमच्याशी शब्द काढला नाही. मग एकदा तिची सून बाळंत झाली, आणि चाळिसाव्या दिवशी सासूसुना बाळ घेऊन पुलावरून जात असताना आम्ही त्यांना मागून गाठलं. रोमानी बराच वेळ तोंड फिरवून चालत होती. मग फीलकडे न बघताच म्हणाली, "छत्री जरा इकडे करा, मास्तर, बाळावर पडतंय." एवढंच.

दोन हिवाळे तो माझ्याबरोबर चालला. तिसरा आला तेव्हा मी एकटी होते.

चित्र आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, खिडकीसमोर, उजेडात. तो असता तर रागावला असता, उन्हाने रंग जातो म्हणून. वाट जवळजवळ गेली आहे. टोपीच्या झग्यातली बाई कमरेपर्यंत जवसात उभी दिसते. सकाळी चॅपेलला निघण्यापूर्वी मी त्याच्या नावाचे दहा मणी तिथेच, तिच्यासमोर म्हणते. मग छत्री घेते आणि पुलाकडे वळते.